धुळाजीचा दुसरा हाफ

केज, दि. २ मार्च १९८७

श्रीमती रतनवहिनी यांस,
त्रिंबकचा नमस्कार.

दहाव्याच्या दिवशी तुमच्या दारात जे झालं त्याबद्दल हे पत्र. आम्ही ऐंशी माणसं ट्रक करून आलो. तुम्हाला आधी कळवलं नाही, ही चूक आमची. त्यातल्या अकरा जणांनी धुळाजीसाठी डोकं भादरलं. नात्याचं त्यांच्यात कोणी नव्हतं. केजचा कटलरीवाला होता, तेलगावचे दोघं शाळामास्तर होते, पंच्याहत्तरीचे अर्जुनराव देशमुख होते. नदीला पाणी नाही, म्हणून न्हाव्यानं ओल्या फडक्यानं डोकी पुसून कोरडाच वस्तरा फिरवला. अर्जुनरावांच्या टाळूतून रक्त आलं, तरी ते हलले नाहीत. आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून विचारलं, "तुमचा कोन लागत होता तो?" तुम्ही दार लावलं, आम्ही परत आलो.

वहिनी, राग मनात ठेवू नका. इथली माणसं खरोखर पोरकी झाल्यासारखी हिंडताहेत. धुळाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा केजचा बाजार भर दुपारी बंद झाला, कोणी सांगितलं नव्हतं. गुरांच्या छावणीवर कडबा वाटणारी माणसं वाटप थांबवून खाली बसली.

आता कामाचं. आमच्या जुन्या फुटबॉल संघाच्या मंडळींनी ठरवलंय की तलावाच्या कोरड्या पात्रात एक शोकसभा घ्यायची, जुन्या खेळाडूंचा एक सामना ठेवायचा आणि धुळाजीच्या नावानं एक ढाल सुरू करायची. तारीख हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवसाची धरली आहे, कारण त्याचा सगळ्यात मोठा सामना त्याच दिवशी झाला होता. घरच्यांच्या परवानगीशिवाय नाव लावायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. तुम्ही यावं, ढालीला हात लावावा. गाडी पाठवू.

मी स्वतःच आलो असतो, पण पाय आता फारच अधू झाला आहे. त्र्याहत्तरला खडीच्या खाणीत पडलो तेव्हापासून तो पुन्हा सरळ झालाच नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दहाव्याला ट्रकमधून चढ-उतर केली तर चार दिवस बिछान्यात होतो.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
त्रिंबक


चकलांबा
११ मार्च

त्रिंबकराव, रामराम.

मी प्रौढांच्या वर्गाला दोन साल गेलते, म्हनून लिव्हता येतं. चुकलं माकलं समजून घ्या.

मी दार लावलं ते रागानं न्हाई. मला भ्या वाटलं. ज्या मानसानं दारू पिऊन माझ्या घरातली भांडी इकली, ज्यानं मला दोन बार हात मोडंस्तोवर मारलं, आन शेवटाला कावीळ होऊन पिवळा पडून माझ्याच मांडीवर मेला, त्याच्यासाठी अकरा बाप्ये डोकं करतेत. अर्जुनरावासारखा वतनदार मानूस आमच्या धनगराच्या दारात मुंडन करतो. मी म्हनलं, ह्यांचं आन माझं एकच मानूस मेलंय का दोन येगळी?

तुमाला खरं सांगते. वीस वर्सं मी त्याची बायको होते, पन त्याला खेळताना मी एकदा बी पाहिलं न्हाई. आमच्यात बायका मैदानावर जात न्हाईत. घरी यायचा तवा पायाला धूळ आन तोंडाला वास, एवढंच माझ्या वाट्याला. कुनी रस्त्यात भेटलं की म्हनायचं, धुळाजीची बायको हाय व्हय, आन माझ्याकडं असं बघायचं जशी मी देवाची पुजारीन हाय. मला वाटायचं, लोक येडे हायेत.

तवा मला आधी हे सांगा. तो मैदानात काय करायचा? ढालीचं, परवानगीचं नंतर बघू.

आन दुसरं. हनुमान जयंतीचा दुसरा दिस कावून? दुसरी तारीख न्हाई का तुमच्याकडं? तुमी सगळ्यात जवळचे होता त्याला. तुमाला तरी ठावं पायजे होतं.

रतनबाई


केज, दि. १६ मार्च १९८७

रतनवहिनी यांस,
नमस्कार.

तुम्ही विचारलं म्हणून मी तीन दिवस घेऊन लिहितो आहे. तारखेबद्दल शेवटी लिहितो.

हा खेळ आमच्याकडे आला तो हैदराबादहून. पोलिसातून निवृत्त झालेले एक जमादार केजला येऊन राहिले होते. निजामाच्या काळात त्यांनी पलटणीत फुटबॉल खेळला होता. त्यांच्याकडे एक चामड्याचा चेंडू होता, टाचून टाचून गोधडीसारखा झालेला. ते पोरांना जमवून शिकवायचे. त्या वेळी धुळाजी मेंढरं घेऊन तलावावर यायचा. सतरा-अठरा वर्षांचा असेल. एकदा चेंडू मेंढरात गेला. धुळाजीनं तो परत लाथाडला. तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून, जमादारांच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या बाभळीत अडकला. जमादार चेंडूकडे गेलेच नाहीत. ते धुळाजीकडे गेले, खाली बसले आणि त्याचे पाय हातात घेऊन बघू लागले.

पुढं एकाहत्तरला इथं सहकारी सूतगिरणी काढायची ठरली. सभांना माणसं जमेनात, तेव्हा पुढाऱ्यांनी युक्ती काढली की आधी फुटबॉलचा सामना ठेवायचा, मग सभा. असा आमचा सूतगिरणी संघ झाला. मी कप्तान होतो. गिरणी काही उभी राहिली नाही, तिची कोनशिला आता गुरांच्या अंग खाजवण्याच्या कामी येते. पण धुळाजीला बघायला माणसं वीस वीस कोसांवरून यायची.

आणि मग तो त्र्याहत्तरचा सामना. हैदराबादची एक पाहुणी टीम आली होती, सगळ्यांच्या पायात बूट. आमचे निम्मे अनवाणी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या, त्या आम्ही मातीनं बुजवून मैदान केलं होतं. दुष्काळी कामावरची माणसं टिकाव-पाट्या घेऊन तशीच आली होती. बांधावर, झाडांवर, टँकरच्या टपावर माणसं. दहा-बारा हजार तरी असतील.

पहिल्या हाफमध्ये आम्ही दोन गोल खाल्ले. धुळाजी चांगला खेळत होता, पण एकटा पडत होता. हाफटाईमला तो एका बाजूला जाऊन बसला, तोंडावर पाणी मारलं आणि कोणाशी बोलला नाही.

नंतर जे झालं ते मी कसं लिहू? पहिला गोल त्यानं डाव्या पायानं केला, दुसरा डोक्यानं. तोवर आम्ही ओरडत होतो. मग लोक ओरडायचे थांबले. वहिनी, दहा हजार माणसं गप्प झालेली तुम्ही कधी ऐकलीत का? चेंडू त्याच्या पायाला लागला की त्याचा आवाज बांधापर्यंत ऐकू येत होता. शेवटच्या मिनिटांत त्यानं आमच्याच गोलाजवळून चेंडू घेतला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथा त्याच्या अंगावर आला आणि आपणच बाजूला झाला, देवाची पालखी आल्यावर माणूस होतो तसा. धुळाजीच्या पायाला भेगेत अडकून जखम झाली होती, पांढऱ्या मातीवर रक्ताचे ठिपके उठत होते. गोलकीपर पुढं आला, धुळाजीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेंडू गोलात गेल्यावर तो थांबला नाही, गोलातून पलीकडे बाहेर पडला आणि तसाच बांधाकडे पळत राहिला.

जमादार उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या पाठीला सॅल्यूट ठोकला. हैदराबादच्या पोरांनी बूट काढून हातात घेतले. माझ्या शेजारी अर्जुनराव रडत होते. त्या साली त्यांच्या पंचवीस एकरात दाणा पिकला नव्हता, तेव्हा ते रडले नव्हते.

हा होता तो. याच्यासाठी डोकी भादरली.

तारीख मंडळानं ठरवली. मला विरोध करता आला नाही.

आपला,
त्रिंबक


चकलांबा
३० मार्च

त्रिंबकराव, रामराम.

पत्र चार बार वाचलं. तुमी लई चांगलं लिव्हलंय. पन तुमी एक गोष्ट लिव्हली न्हाई. ती मी लिव्हते.

त्या साली मी तुमच्या केजपासून पाच कोसांवर दुष्काळी कामाला होते, रस्त्याची खडी फोडाया. लेक भिवरा माझ्याजवळ होती. चार वर्साची. हनुमान जयंतीच्या रातीपसून तिला उलट्या आन हगवन लागली. कामावर समद्यांनाच लागलतं, पानी तसलंच हुतं. दुपारी तिचे डोळे आत गेले. माझा भाऊ बंकट तिथंच मुकादमाच्या हाताखाली होता. मी त्याला म्हनलं, पळ, भिवराच्या बापाला गाडी घेऊन बोलाव, बीडच्या दवाखान्यात न्यायची. तो मुकादमाची सायकल घेऊन गेला. आला तवा म्हनला, निरोप दिला, खेळ सुरू व्हायच्या आधीच दिला, गाडी येतीया.

मी रस्त्याकडं बघत बसले. खडीच्या ढिगावर लुगडं टाकून सावली केलती. भिवरा पानी मागायची आन पाजलं की वकायची. मग मागायची थांबली. दिवा लावायच्या वक्ताला ती गेली. तिचं अंग गरम हुतं अजून, तवा जीप आली. भिवराचा बाप उतरला. त्याच्या गळ्यात हार हुते. चार का पाच, झेंडूचे. पाय रक्तानं भरलेला. त्यानं हार काढले आन तिच्या अंगावर घातले.

मी ते हार उचलून खडीत फेकले.

चवदा वर्सं मी त्याला एकच गोष्ट म्हनत आले. तुला ठावं हुतं आन तू खेळलास. तो कधी न्हाई म्हनला न्हाई. मारायचा, दारू प्यायचा, पन न्हाई म्हनला न्हाई. माझी कूस फिरून उजवली न्हाई, तवा बी मी तेच म्हनले.

आता तुमी लिव्हता की दहा हजार मानसं गप झाली. मी बी त्याच टायमाला गपच बसले हुते, त्रिंबकराव. पन तुमचं वाचून माझ्या अंगावर काटा आला, हे बी खरं हाय. मला माझीच लाज वाटली.

तारखेचं तुमाला ठावं हुतं का न्हाई, एवढं सांगा.

रतनबाई


केज, दि. ४ एप्रिल १९८७

रतनवहिनी,

नमस्कार लिहायचीही माझी लायकी नाही. ठाऊक होतं.

बंकटनं निरोप दिला तो धुळाजीला नाही, मला. धुळाजी लोकांच्या गराड्यात होता, बंकटला तिथवर पोचता येईना. मी कप्तान म्हणून त्यानं मला गाठलं. म्हणाला, भिवरा लई आजारी हाय, रतननं गाडी मागितलीय. मी म्हणालो, तू हो पुढं, मी सांगतो. तो भाबडा माणूस, लगेच माघारी फिरला.

मी सांगितलं नाही. समोर दहा हजार माणसं होती, पुढारी स्टेजवर होते, शिट्टी वाजायला आली होती. मला वाटलं, लेकरं आजारी पडतातच, तासाभरानं काय होतंय. वहिनी, कोणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. हे माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालं.

पहिला हाफ आम्ही हरत होतो तेव्हा मला भीती वाटू लागली. हाफटाईमला मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, निरोप आलाय, पोरगी गंभीर आहे, जीप बांधाखाली उभी आहे. निरोप आत्ताच आल्यासारखं बोललो. त्यानं जीपकडे बघितलं. मग माणसांकडे बघितलं. मला विचारलं, "किती टाईम राहिलाय?" मी म्हणालो, पस्तीस मिनिटं. तो म्हणाला, "खेळून जातो."

मी त्याला अडवलं नाही. जीप रिकामी पुढं पाठवायची, एवढं साधं मला सुचलं नाही. की सुचलं आणि मी नको म्हणालो, ते चौदा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरचा खेळ मी तुम्हाला लिहिला. तो का तसा खेळला, आणि शेवटचा गोल मारून, वाटेत लोक गळ्यात हार घालत असतानाही, पळत कुठं चालला होता, हे त्या मैदानात फक्त मला माहीत होतं.

आता माझ्या पायाचं. मी खाणीत पडलो नाही. मे महिन्यात धुळाजी पहिल्यांदा मैदानावर आला. आम्ही दोघंच होतो. त्यानं विचारलं, निरोप कधी आला होता? मी म्हणालो, हाफटाईमला. तो म्हणाला, बंकट तर म्हणतो आधीच दिला. त्यानं चेंडू बाजूला सारला आणि माझ्या गुडघ्यावर लाथ मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यानंच मला पाठीवर घेतलं आणि भर उन्हात दवाखान्यापर्यंत पळत नेलं. दीड कोस. वाटेत एकदाच बोलला.

"पहिला हाफ तुझा, दुसरा माझा. कुनाला बोलायचं न्हाई."

मी बोललो नाही. तोही नाही. माझं नाव त्यानं तुमच्यापाशीसुद्धा घेतलं नाही, हे मला तुमच्या पत्रातून आज कळलं. मला वाटत होतं तुम्हाला निरोपाचं माहीत आहे आणि मोठ्या मनानं तुम्ही मला भाऊ म्हणून वागवताय.

तुम्ही म्हणाल तर सभा मोडतो.

त्रिंबक


चकलांबा
९ एप्रिल

त्रिंबकराव,

सभा मोडू नका. मोडली तर तुमाला बरं पडंल.

सभा घ्या, त्याच दिशी घ्या. आन तुमी मला लिव्हलं ते तिथं उभं राहून सांगा. तुमचं बी सांगा आन त्याचं बी. मारायचा ते सांगा, दारूचं सांगा. त्यावर बी ज्याला त्याचं नाव ढालीवर पायजे असंल, त्यानं घालावं. अर्धं मानूस ढालीवर घालू नका.

मी येनार न्हाई.

रतनबाई


केज, दि. १७ एप्रिल १९८७

रतनवहिनी यांस,
त्रिंबकचा नमस्कार.

सभा झाली. तुम्ही नव्हता म्हणून जसं झालं तसं कळवतो.

माणसं किती आली ते मोजणं शक्य नव्हतं. छावणीवरची गुरं तिथंच सोडून लोक आले. तलावाच्या पात्रात सावली नाही, पाणी नाही, तरी दुपारी दोनपासून बसून होते. भाषणं झाली. मग मी उठलो. हातात कागद होता, पण वाचता येईना, म्हणून तोंडानंच सांगितलं. बंकटच्या निरोपापासून माझ्या पायापर्यंत. तुमच्या अंगावरच्या माराचंही सांगितलं. भिवराचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं.

मला वाटलं होतं दगड येतील. आले असते तर सोपं झालं असतं. सगळे तसेच बसून राहिले. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, माझ्याजवळ आला, माझ्या तोंडावर थुंकला आणि परत जागेवर जाऊन बसला. अर्जुनरावांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे केस अजून पुरते आलेले नाहीत. त्यांचं बघून शेजारच्यानं टोपी काढली, मग त्याच्या मागच्यानं. बांधापर्यंत सगळी डोकी उघडी झाली, वहिनी. चैत्राचं ऊन आणि हजारो उघडी डोकी. कोणासाठी काढल्या ते कोणी बोललं नाही. धुळाजीसाठी नसाव्यात, असं मला वाटतं.

नंतर जुन्या खेळाडूंचा सामना झाला. सगळे अनवाणी खेळले. म्हातारे झालेत, धापा टाकत होते, पण खेळले.

मी राजीनामा दिला आहे, मंडळात आता नाही. मंडळानं ठरवलंय की ढालीवर दोन नावं घालायची, धुळाजीचं आणि भिवराचं. तुमची परवानगी त्यांनी माझ्यामार्फत मागितली आहे. मी फक्त कळवतो.

त्रिंबक


चकलांबा
२८ एप्रिल

त्रिंबकराव, रामराम.

मी आलते.

सकाळच्या यष्टीनं बीड, आन तिथून जीपनं केज. मैदानात छावणीच्या अंगाला पंधरा-वीस बाया बसल्या हुत्या, त्यांच्यात तोंडावर पदर घेऊन बसले. मला कुनी वळखलं न्हाई. तुमचं समदं ऐकलं. तो म्हातारा थुकला ते बी पाहिलं. तुमी तोंड पुसलं न्हाई, तसंच उभे राहिले, ते बी पाहिलं. लोकांनी टोप्या काढल्या तवा माझ्या शेजारची बाई मला म्हनली, कोन गं ती भिवरा? मी म्हनलं, माझी लेक. तिनं माझा हात धरला तो खेळ सुटंस्तोवर सोडला न्हाई.

मग खेळ पाहिला. जल्मात पहिला. मला त्यातलं काय कळलं न्हाई, कोन कुनाकडं पळतंय. पन एका म्हाताऱ्यानं चेंडू असा मारला की तो वर गेला, लई वर, आन समद्या मानसांनी एकदम माना वर केल्या. ह्या सालात मानसं ढग बघायाच माना वर करतेत, आन ढग नसला की शिव्या देऊन खाली घालतेत. त्या चेंडूकडं बघताना कुनाच्या तोंडावर तसं न्हवतं. मी बी वर बघत राहिले. माझं तोंड उघडं राहिलतं. आन मला वाटलं, एका थकल्या म्हाताऱ्याच्या लाथंत हे हाय, तर त्याच्या पायात काय आसंल. अशी मानसं आपल्याकडं बघतेत आन आपल्याला उठून जायचं हाय, हे किती जड आसंल. तरी बी जायाच पायजे हुतं. हे माझं म्हननं मरंस्तोवर बदलनार न्हाई.

तो चवदा वर्सं माझ्या शिव्या खात राहिला, आन तुमचं नाव घेऊन मोकळा झाला न्हाई. हे मी तुमच्या पत्रात वाचलं तवा मला त्याचं पहिल्यांदा रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं.

ढालीवर त्याचं नाव घाला. माझी परवानगी हाय. तेवढा तो तुमचा हुता, मी पाहिलं.

भिवराचं नाव घालू नका. मानसं चांगल्या मनानं म्हनली आसतील, पन ती खेळातली न्हाई. तिला खेळात ओढू नका. ती माझ्या एकटीची हाय.

तुमी माझ्या दारात पुन्हा यावं का, आसं तुमी इचारलं न्हाई, पन पत्रात दिसतंया. आत्ता नका येऊ. पुढल्या साली बघू.

केजहून मी सरळ घरी आले न्हाई. खडी फोडलती त्या रस्त्यावर उतरले. आता डांबरी झालाय. कडंला जिथं भिवराला मातीत ठिवली ती जागा मला बरुबर ठावं हाय, दोन निंबांच्या मधी. एवढी वर्सं मी तिथं जाऊन फकस्त तिच्या बापाला शिव्या देत आले. ह्या बारीला बसले आन तिला म्हनलं, ऐक, तुझा बाप लई मोठा खेळायचा. मानसं गप बसायची. मग तो पळत कसा निघाला, ते तुमी लिव्हलेलं समदं तिला सांगितलं.

जीपपर्यंत सांगितलं. म्होरलं तिला ठावंच हाय.

रतनबाई